जनुकात घराणं लिहिलेलं नसतं

गेल्या हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या एका वधू-वर परिचय मेळाव्याला मी गेले होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे स्टेजवर उभी राहणार होती. नर्सिंग झालेली, नोकरीला लागलेली, मोकळेपणाने बोलणारी मुलगी. सकाळच्या भाषणांत एका वक्त्याने छातीठोकपणे सांगितलं, की माणसाचं सगळं जनुकात लिहिलेलं असतं हे आता विज्ञानानेच सिद्ध केलं आहे. बुद्धी, स्वभाव, रोग, सगळं. तेव्हा पैसाअडका नंतर बघा, आधी घराणं बघा, रक्त बघा. मंडपभर टाळ्या पडल्या. जेवणं आटोपली तोवर सकाळी या मुलीला पसंत करून गेलेल्या घराचा नकार आला होता. तिच्या फॉर्मवर एका रकान्यात तिने स्वतःच्या हाताने खरं तेच लिहिलं होतं: सिकलसेल, एएस.

त्या भाषणाला तिथे कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

तो वक्ता एकटा असता तर गोष्ट वेगळी होती. पण अमुक गोष्ट आमच्या डीएनएतच आहे, असं पुढारी सभेत सांगतात. मुलाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून तो पुढे गायक होईल की इंजिनिअर, हे सांगणाऱ्या तपासण्या शहरांतले पालक हजारो रुपये मोजून करून घेतात. आणि आम्ही बारावीचे जीवशास्त्राचे शिक्षक ‘डीएनए म्हणजे शरीराचा आराखडा’ हे वाक्य वर्षानुवर्षं मुलांना लिहून देत आलो. मला वाटतं, खरी चूक तिथून सुरू होते. घराच्या आराखड्यावर बोट ठेवून ही खिडकी, हा जिना, असं दाखवता येतं. डीएनएच्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवून हे नाक, हा तापटपणा, असं दाखवता येत नाही. तिथे ते नाहीच.

मग काय आहे? सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंच जनुक घेऊ, कारण त्याच्याच नावाने त्या मुलीला नकार मिळाला.

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर एक लहानसं जनुक आहे. हिमोग्लोबिनमधली बीटा नावाची साखळी त्याच्यावरून तयार होते. ‘इथून सुरू’ या खुणेनंतरची त्याची पहिली अक्षरं मी दरवर्षी फळ्यावर तीन-तीनच्या गटांत लिहिते: जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. प्रत्येक गटाचा अर्थ एक अमिनो आम्ल. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. असे एकापुढे एक १४६ मणी ओवले गेले की साखळी पुरी होते आणि ‘थांब’ अशी खूण येते. या जनुकाला जे सांगायचं असतं ते एवढंच: कोणत्या मण्यानंतर कोणता मणी. त्याच्या आसपासच्या अक्षरांत आणखी थोडं काही असतं, साखळी कुठल्या पेशीत, कधी आणि किती करायची याच्या खुणा. रक्त लाल असावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

हे ओवण्याचं काम हाडांच्या आतल्या मगजात चालतं. तिथल्या कोवळ्या पेशीत आधी जनुकाची आरएनएमध्ये नक्कल उतरते. त्या नकलेतले मधले बिनकामाचे तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. मग ती नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम तिच्यावर तीन-तीन अक्षरं पुढे सरकत जातो. प्रत्येक तिकडीपाशी एक छोटा वाहक आरएनए आपला मणी घेऊन येतो, तिकडी जुळली तर मणी साखळीला जोडला जातो आणि वाहक रिकाम्या हाताने परत जातो. साखळ्या भराभर तयार होतात, हिमोग्लोबिन साठत जातं, आणि शेवटी ती पेशी एक गोष्ट करते जी त्या भाषणाला टाळ्या देणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवी. ती आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. नसांतून वाहणाऱ्या तयार लाल पेशीत डीएनए नसतो. तपासणीसाठी रक्तातून डीएनए काढतात तो पांढऱ्या पेशींमधून. ज्या लाल रक्ताच्या नावाने घराण्याची शुद्धता सांगितली जाते, त्या लाल पेशीने आपली पोथी मगजातच सोडून दिलेली असते.

तिकड्यांचे हे अर्थ कुणी अंदाजाने ठरवलेले नाहीत. १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी फक्त यू-यू-यू असं एकच अक्षर (आरएनएत टीच्या जागी यू असतो) असलेला आरएनए फोडलेल्या पेशींच्या रसात घातला. हाती आली ती फक्त फिनाइल-अलानिन या एकाच मण्याची साखळी. पहिला शब्द लागला. पुढचं काम ज्यांनी फार चिकाटीने केलं त्यांत हरगोविंद खोराना होते. जन्म १९२२चा, आज पाकिस्तानात असलेल्या मुलतानकडच्या रायपूर नावाच्या खेड्यातला. वडील गावचे पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. खोरानांनी यूसी-यूसी-यूसी असा, अक्षरं पाळीपाळीने येणारा आरएनए प्रयोगशाळेत घडवला. तीन-तीनने वाचला तर त्यात यूसीयू आणि सीयूसी या दोनच तिकड्या आलटून पालटून येतात. साखळीतही सेरिन आणि ल्युसिन असे दोनच मणी आलटून पालटून आले. अक्षरं तीन-तीननेच वाचली जातात याचा याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही. १९६८ साली निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

चार अक्षरांपासून तिकड्या होतात चौसष्ट. एकसष्ट तिकड्यांचा अर्थ वीसपैकी कुठलं तरी अमिनो आम्ल, तिघींचा अर्थ ‘थांब’. कोश इथे संपतो. ‘हुशार’ हा शब्द या कोशात नाही, ‘तापट’ नाही, ‘खानदानी’ नाही. आणि फार थोडे अपवाद सोडले तर हाच कोश केळीच्या पेशीत चालतो, मुंगीच्या चालतो, आपल्या आतड्यातल्या जीवाणूच्या चालतो. म्हणूनच तर माणसाच्या इन्सुलिनची अक्षरं जीवाणूत घालता आली. १९८२ पासून असं इन्सुलिन औषध म्हणून विकलं जातं. ते टोचून घेणारे लाखो मधुमेही आपल्या आजूबाजूला आहेत. जीवाणू ती अक्षरं वाचतो आणि माणसाचं प्रथिन बिनचूक ओवून देतो. अक्षरांना कुळ असतं, तर हे कधीच जमलं नसतं.

आता सिकलसेलकडे येते. सहाव्या जागेवरच्या जीएजीमधलं मधलं अक्षर बदलून तिथे टी आला की तिकडी होते जीटीजी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. १४६ मण्यांतला एक मणी बदलतो. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे. तो वेगळेपणा एका मण्यापुरता आहे, हे पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७मध्ये शोधलं.

इथे मी मुलांना फळ्याकडे पुन्हा बघायला लावते. पहिली तिकडी कोणती आहे? जीटीजी. तुमच्या-माझ्या, त्या वक्त्याच्या, मंडपातल्या प्रत्येक निरोगी माणसाच्या बीटा जनुकात पहिल्या जागेवर जीटीजी आहे, तिथे व्हॅलिन आहे, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तीच तिकडी सहाव्या जागी आली की त्रास होतो. म्हणजे ‘वाईट’ असं कुठलंही अक्षर नाही, कुठलाही मणी नाही. सहावा मणी गुंडाळलेल्या साखळीच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून बसतो. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खोबणीत जाऊन बसतं, तो रेणू पुढच्याला धरतो, आणि पेशीत ताठ दोरे तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते, आणि पोरं रात्र रात्र हाडं दुखून रडतात. हे दुखणं मी वर्गात पाहिलं आहे. पावसाळ्यात, थंडीत, परीक्षेच्या दिवसांत बाकावर आडवी पडलेली मुलं पाहिली आहेत. त्याला हलकं लेखायचा माझा मुळीच हेतू नाही.

पण त्याच सहाव्या जागेवर दुसरा बदल होऊन जीएजीचं जीएए झालं, तर काय होतं? काहीच होत नाही. दोन्ही तिकड्यांचा अर्थ ग्लुटामिक आम्लच. पहिलं अक्षर बदलून एएजी झालं तर लायसिन येतं आणि हिमोग्लोबिन-सी नावाचा, पुष्कळच सौम्य प्रकार होतो. जागा तीच, बदल दरवेळी एकाच अक्षराचा. परिणाम मात्र तीन तऱ्हांचे, कारण ते रसायनाने ठरतात. आणि उलटही पाहा: याच साखळीच्या बीटा थॅलेसेमिया या आजाराचा भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बदल मण्यांच्या अक्षरांत नाहीच. नकलेतून कापून टाकायच्या तुकड्यात, कापायच्या जागेला लागून, एक अक्षर बदललेलं असतं. कात्री चुकते आणि साखळी नीट तयार होत नाही.

यावर समोरून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो कच्चा नाही. बाई, तुम्हीच सांगता की एका अक्षराने लेकराचं आयुष्य बदलतं. मग जनुकात सगळं लिहिलेलं असतं, हे खरंच ठरलं ना?

नाही ठरत. आईकडून एस, म्हणजे सहाव्या जागी जीटीजी असलेलं जनुक, आणि वडिलांकडूनही एस आलेलं, म्हणजे एसएस असलेलं बाळ जन्मतः ठणठणीत असतं. सहाव्या जागेवरचं अक्षर गर्भातही तेच होतं, पण गर्भात बीटा साखळीऐवजी मुख्यतः गॅमा साखळी वापरली जाते. तिचं जनुक वेगळं, आणि तिच्या हिमोग्लोबिनचे दोरे होत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं काम मंदावतं, बीटाचं वाढतं, आणि तेव्हा दुखणं सुरू होतं. काही जणांत गॅमा साखळी मोठेपणीही बऱ्यापैकी तयार होत राहते आणि आजार सौम्य राहतो. एकाच आई-बापाच्या दोन एसएस मुलांपैकी एक महिन्याआड दवाखान्यात आणि दुसरा कबड्डीच्या मैदानावर, हे मी एका घरात पाहिलं आहे. दोघांच्या सहाव्या तिकडीत काडीचा फरक नाही. पाणी किती पितो, ताप येतो का, थंडीत अंगावर काय आहे, फॉलिक आम्ल आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळतात का, रस्ता दवाखान्यापर्यंत जातो का, याने त्या मुलांची वर्षं ठरतात.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावर जनुक-संपादनाच्या ज्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, तो तर या वादाचा निकालच लावतो. त्या उपचारात सहाव्या तिकडीला हात लावलेला नाही. गॅमा साखळीचं काम दाबून ठेवणारं दुसरंच एक जनुक आहे. मगजातल्या पेशींत त्याचा जोर काढून घेतला जातो, गॅमा पुन्हा तयार होऊ लागते, आणि उपचार झालेले बहुतेक रुग्ण त्या असह्य दुखण्यातून सुटले. त्यांच्या पेशींत जीटीजी जिथे होती तिथेच आहे. ‘लिहिलेलं’ जसंच्या तसं आहे आणि आजार हटला आहे. उपचार आज भयंकर महाग आहे, आपल्या गावातल्या पोरांच्या हाती तो लवकर येईल असं मला दिसत नाही, आणि त्याचा मला संताप आहे. पण त्यातून कळायचं ते कळलं.

आणि हा सगळा एका जनुकाचा, एका साखळीचा, जवळपास सगळ्यात सरळ असा मामला आहे. बुद्धी आणि स्वभाव यांच्याबद्दल बोलणाऱ्यांनी उंचीचंच उदाहरण घ्यावं. उंची मोजपट्टीने मोजता येते, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा उंचीशी संबंध असलेल्या १२ हजारांहून जास्त जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी किरकोळ. साध्या उंचीची ही कथा असताना गालावरचा कापूस बघून मुलाच्या हातात तबला द्यायचा की गणिताचं पुस्तक हे सांगणं म्हणजे पालकांची फसवणूक आहे. माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं आहेत, प्रथिनांची जनुकं वीस हजारांच्या आसपास. प्रथिनाच्या साखळ्या प्रत्यक्ष सांगणारी अक्षरं शेकडा दोनसुद्धा भरत नाहीत. स्वभावासाठी वेगळा कप्पा त्यात कुणाला सापडलेला नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही इथेच सांगते. अमुक संस्कारांनी, अमुक ध्वनीने, सकारात्मक विचारांनी डीएनए बदलतो, असं सांगणारे शिबिरवाले गावोगाव फिरतात. वाचन एका दिशेने होतं: अक्षरावरून मणी ठरतो. मण्यावरून उलट अक्षर लिहिण्याची सोय पेशीत नाही. फ्रान्सिस क्रिक यांनी हा नियम १९५७च्या व्याख्यानात मांडला आणि तो आजवर टिकला आहे. जनुकांवर काम चालू-बंद करणाऱ्या खुणा पडतात आणि पुसतात हे खरं, पण त्याने जीटीजीची जीएजी होत नाही. अशा एका शिबिरानंतर गोळ्या बंद केलेल्या एका विद्यार्थ्याला पुढे महिनाभर दवाखान्यात काढावा लागला. जनुकाचं बोलणं थोडकं आहे, पण जे आहे ते पक्कं आहे. ते इच्छेने बदलत नाही.

आता ‘दोषा’बद्दल. एएस म्हणजे एका पालकाकडून आलेलं जनुक नेहमीचं, दुसऱ्याकडून आलेलं एस. अशा माणसाच्या लाल पेशीत दोन्ही साखळ्या असतात आणि तो सहसा कुठल्याही त्रासाशिवाय पूर्ण आयुष्य जगतो. हे जनुक गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडे किंवा तिकडे नंदुरबारला इतकं का टिकलं, याचं उत्तर मलेरियात आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं, की एएस मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जंगलाकाठी, डासांच्या मुलखात पिढ्यानपिढ्या जी पोरं तापातून वाचली, त्यांचा हा वारसा आहे. त्याला घराण्याचा दोष म्हणणाऱ्याने त्या पोरांचा इतिहास वाचलेला नाही. आणि हा मुलूख सोडून कुठे नसेल असंही नाही. हे जनुक जात विचारून येत नाही.

लग्नाआधी तपासणी व्हावी, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. सरकारने १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली, ती योग्यच आहे. पण तपासणीचा हिशेब नीट करा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. त्यांना आधी कळलं तर ते सल्ला घेऊ शकतात, गर्भाची तपासणी करू शकतात, विचाराने ठरवू शकतात. एक एएस आणि दुसरा एए, म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची असलेला, असेल, तर त्यांचं बाळ एसएस होत नाही. एस यायला दोन्हीकडून यावा लागतो आणि एकाकडे तो नाहीच. म्हणजे मुलीचा एकटीचा रिपोर्ट हातात धरून काहीच ठरत नाही.

मेळाव्यानंतर आठवड्याने मी नकार देणाऱ्या घरातल्या मुलाच्या वडिलांना फोन केला. ते सभ्यपणे बोलले. मुलगी चांगली आहे, पण पुढच्या पिढीचा प्रश्न आहे, म्हणाले. मी विचारलं, मुलाची तपासणी कधी केली? ते थोडं थांबले आणि म्हणाले, आमच्याकडे गरज नाही, आमच्या घराण्यात असं काही नाही. मी त्यांना सांगितलं की एएस माणसाला बहुधा काहीच होत नाही, त्यामुळे घराण्यात आहे की नाही हे कुणाला नुसतं बघून कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सुरुवातीची तपासणी होते, तेवढी करून घ्या. बघतो, म्हणाले. फोन ठेवल्यावर मी मेळाव्याची पुस्तिका काढून त्यांच्या मुलाचं पान पाहिलं. शिक्षण, पगार, शेती, गोत्र, सगळं भरलेलं होतं. सिकलसेलचा रकाना कोरा होता.